कुलूपसाहेबांचं उघडं फोल्डर

कुलूपसाहेबांच्या बायकोला खरं म्हणजे दारावर फक्त एक पाटी हवी होती. ‘येथे लेडीज कपडे शिवून मिळतील’ एवढीच, आणि खाली एक बाण. कारण जिना चढून आलेल्या बायका हमखास समोरच्या विमाकाकांची बेल वाजवायच्या. विमाकाका नोकरीतून निवृत्त झाले होते, पण सवयीतून झालेले नव्हते. ते त्या बायकांना आत बसवून माणसाच्या आयुष्याचा कसा काही भरवसा नाही हे सविस्तर समजावून सांगायचे. मग ती बाई इकडे मापं द्यायला यायची तेव्हा चांगलीच खचलेली असायची. आणि खचलेल्या माणसाचं खांद्याचं माप चुकतं. म्हणून पाटी.

“पाटी कशाला?” कुलूपसाहेब म्हणाले. “आपण वेबसाइट करू.”

बायकोने मशीनवरून मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला ‘आपण करू’ या शब्दांचा अर्थ कळतो. पण हातातली बाही अर्धी लागली होती, म्हणून ती काही बोलली नाही. पुढे जे झालं त्याला हे मौन निम्मं जबाबदार होतं, असं कुलूपसाहेब नंतर म्हणायचे. मात्र ती घरात नसताना.

कुलूपसाहेब हे अर्थातच टोपणनाव. एका मोठ्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षाचे ते प्रमुख होते. म्हणजे तळघरातल्या जुन्या फायलींनी भरलेल्या खोल्या त्यांच्या ताब्यात होत्या. संध्याकाळी निघताना ते कुलूप लावत, ओढून बघत, जिन्यापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढून बघत. हे कुलूप चोराच्या हातून नाही, साहेबांच्याच हातून तुटणार, असं शिपाई म्हणायचा. एकदा खुद्द संचालकांनी फोन करून एक फाइल मागवली, तेव्हा साहेबांनी “आपली लेखी मागणी?” असं विचारलं होतं. ती गोष्ट कँटीनमध्ये अजून सांगितली जाते. अशा माणसाच्या हातून पुढचा प्रकार व्हावा, हे विशेष.

वेबसाइटची कल्पना तशी वाईट नव्हती. गिऱ्हाईक बायका हव्या त्या कपड्याचे फोटो फोनवर पाठवायच्या आणि सोबत स्वतःचेही, एक समोरून, एक बाजूने, म्हणजे कपडा कसा बसेल याचा अंदाज येतो. ते फोटो बायकोच्या फोनमध्ये शुभेच्छांच्या फुलांमध्ये आणि नातेवाइकांच्या बाळांमध्ये हरवायचे. मागच्याच महिन्यात एका वकीलबाईंच्या काळ्या कोटाला नाचाच्या क्लासमधल्या मुलीच्या झालरीच्या बाह्या लागल्या होत्या. वकीलबाई समंजस म्हणून प्रकरण घरातच मिटलं. वेबसाइटवर एक फॉर्म असेल, बाईने नाव लिहायचं, फोटो चढवायचे, बटण दाबायचं, आणि सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ओळीने, तारखेवार! कुलूपसाहेबांना नुसत्या कल्पनेनेच बरं वाटलं.

वेबसाइट ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागते. स्वतंत्र जागा महाग, म्हणून त्यांनी ‘शेअर्ड’ घेतली.

“म्हणजे काय?” बायकोने विचारलं.

“म्हणजे आपल्या इमारतीसारखं. गेट एक, जिना एक, पाण्याची टाकी एक. बिऱ्हाडं वेगळी.”

“आणि समोर कोण राहतं?”

हा प्रश्न किती मार्मिक होता हे त्यांना फार उशिरा कळलं.

व्हिडिओ बघत, थांबवत, मागे नेत, पुन्हा बघत त्यांनी वेबसाइट उभी केली. वर बायकोचा मशीनवर बसलेला फोटो, खाली फोन नंबर, त्याखाली फॉर्म. पहिला फोटो चढवून बघायचा म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. परवानगी नाकारली.

कुलूपसाहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा नाकारली. माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना परवानगी नाकारावी आणि एके दिवशी स्वतःच्याच पैशाने घेतलेल्या जागेत त्याला कुणीतरी तेच ऐकवावं! त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा मेहुणा आला. तो झेरॉक्सची मशिनं विकायचा आणि त्यामुळे प्लग लागणाऱ्या प्रत्येक वस्तूतलं त्याला कळतं असा घरात समज होता. हा समज त्यानेच पसरवलेला होता.

“भावोजी, हे परमिशनचं आहे,” तो म्हणाला आणि कापडाच्या दुकानातल्या कागदी पिशवीवर त्याने तीन चौकोन काढले. “हा पहिला मालक. हे मालकाच्या घरचे. आणि हे बाकीचे सगळे. प्रत्येकाला तीन हक्क देता येतात. वाचायचा, लिहायचा आणि चालवायचा. वाचायला चार, लिहायला दोन, चालवायला एक. बेरीज सात. सात म्हणजे सगळे हक्क. तुमच्या फोल्डरला आत्ता आहे सात-पाच-पाच. मालकाने काय हवं ते करावं, बाकीच्यांनी बघावं, पण लिहू नये.”

“उत्तम आहे की.”

“उत्तम आहे म्हणूनच चालत नाहीये.”

“पण मालक मीच आहे. मला का नाही म्हणतंय?”

“तुम्हाला नाही म्हणत. फोटो तुम्ही आत ठेवत नाही, भावोजी. तो ठेवतो सर्व्हरचा गडी. तो मालक नाही आणि तुमच्या घरचाही नाही. तो या तिसऱ्या चौकोनात.”

“मग त्या गड्यापुरता लिहायचा हक्क द्या.”

“एकट्याला देता येत नाही. द्यायचा तर सगळ्या चौकोनाला. सरळ ट्रिपल सेव्हन करून टाका. सगळेच करतात.”

सगळ्यांना सगळे हक्क! कुलूपसाहेबांनी ठाम नकार दिला. मग मेहुणा फॉर्म पुन्हापुन्हा दाबत बसला, कुलूपसाहेब पुन्हा व्हिडिओ बघत बसले, आणि विमाकाका आवाज ऐकून सपाता घालून आले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “हक्क द्या, पण खाली बारीक अक्षरात अटी घाला. आम्ही तेच करायचो. कुणी वाचत नाही, पण आपल्याला झोप लागते.”

यात भर म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्या शाळेतून निवृत्त होणार होत्या आणि समारंभासाठी त्यांना लांब कोट हवा होता. त्यांनी आयुष्यात प्रथमच हौसेने काही शिवायला टाकलं होतं. “वेबसाइटवरून फोटो पाठवा म्हणालात,” त्या बायकोला म्हणाल्या. “मी कपडे घालून, केस विंचरून तयार आहे. पाठवू कुठे?”

बायकोने फोनवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात पाटीचा विषय होता. कुलूपसाहेबांनी डोळे मिटले आणि तीन वेळा सात दाबला. सही न घेता कुणाला काही देण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

आणि काय सांगावं, फॉर्म चालला! मुख्याध्यापिकाबाई समोरून आल्या, मुख्याध्यापिकाबाई बाजूने आल्या. पाठोपाठ वकीलबाई, नाचाच्या क्लासमधल्या मुली, औषधाच्या दुकानातली मावशी, सगळ्या आल्या. कुलूपसाहेबांना एक शोधही लागला. फोल्डरचा पत्ता नुसता टाकला की आतल्या फायलींची यादी पडद्यावर यायची, नाव, तारीख, आकार, सगळं ओळीने. फोटो उघडायची त्यांना गरजच नव्हती. यादी बघूनच समाधान व्हायचं. ऑफिसात काम हातावेगळं झालं की ते एकदा बघायचे, चहा झाला की एकदा बघायचे, निघताना एकदा. आपण मालक म्हणून आपल्याला ही यादी दिसते, अशी त्यांची समजूत होती.

काही आठवडे असे सुखात गेले. मग एके सकाळी बायकोला फोन आला.

“ताई, केस उगवायचं औषध कसं दिलं?”

“अहो, मी कपडे शिवते.”

“पण नंबर तर तुमचाच आहे की इथे.”

राँग नंबर म्हणून तिने फोन ठेवला. लगेच दुसरा आला, त्याला टक्कल किती जुनं चालतं ते विचारायचं होतं. तिसऱ्याने तर बाटलीच्या झाकणाबद्दल तक्रार केली. मग तिने वेबसाइट उघडली. मशीनवर बसलेल्या तिच्या फोटोखाली एक तुळतुळीत माणूस होता, त्याच्या शेजारी तोच माणूस, पण घनदाट. मधे बाण. तिला दारावर हवा होता तसाच.

कुलूपसाहेबांच्या स्वतःच्या डोक्यावर कानांमागे जे थोडं उरलं होतं तेवढंच होतं. त्यामुळे हा घाव त्यांना दोन्हीकडून बसला. विमाकाकांनी जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “धंदा वाढवलात, कळवलं नाहीत. शेजारी म्हणून एक बाटली बाजूला ठेवा. आणि तुम्ही स्वतः वापरत नाही वाटतं? गिऱ्हाईक आधी तेच बघतं हो.”

त्यांनी तो तुळतुळीत माणूस काढून टाकला. चहा पिऊन येतात तोवर तो परत आला होता. पुन्हा काढला, पुन्हा आला, आणि या वेळी सोबत वजन उतरवायच्या पट्ट्याची जाहिरात घेऊन आला. आपल्या घरात कुणीतरी शिरलंय, आपण त्याला दाराबाहेर काढतोय आणि तो आपल्याच मागून आत येतोय, असं कुलूपसाहेबांना वाटायला लागलं. मेहुण्याला फोन लावला तर तो म्हणाला, “कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा.” त्याचं ज्ञान तिथे संपत होतं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात पोचले तर वातावरण वेगळंच. शिपायाने नमस्कार केला, पण फार हळू. कँटीनवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. कर्मचारी संघटनेचा माणूस खाली तळघरात आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “साहेब, आम्ही पाठीशी आहोत. फक्त खरं काय ते आम्हाला सांगा.”

“कशाचं खरं?”

“तेच. चौकशी कधी बसणार आहे?”

झालं होतं असं. जमाखर्च विभागातल्या बाईंनी कोट शिवायचा म्हणून साहेबांची वेबसाइट उघडली होती. तिथे पांढऱ्या पडद्यावर एवढंच होतं: ‘हे खाते निलंबित करण्यात आले आहे. कारणासाठी खातेप्रमुखांशी संपर्क साधावा.’ त्यावर साहेबांचं नाव. बाईंना अभिलेख हे एकच खातं ठाऊक होतं आणि त्याचा प्रमुखही एकच. दुपारपर्यंत बातमी मजले चढत चढत संचालकांपर्यंत गेली. त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला, “किल्ल्या कुणाकडे देताय?”

ज्याच्या सेवापुस्तकात लाल शाईचा ठिपका नाही, त्या माणसाला ‘निलंबित माझं जागेचं खातं आहे, मी नाही’ हे प्रत्येक टेबलापाशी थांबून सांगावं लागलं. आणि जितकं सांगावं तितकं लोकांना वाटे की बिचारा सावरायचा प्रयत्न करतोय.

शेवटी अभिलेख कक्षाचं दार आतून लावून त्यांनी जागा देणाऱ्या कंपनीला फोन लावला. आधी बरंच संगीत झालं. मग एक बाई आली. आवाज तरुण, पण स्वर तपासनिसाचा.

“तुमच्या अपलोडच्या फोल्डरला ट्रिपल सेव्हन कुणी दिलंय?”

“देण्यात आलं,” कुलूपसाहेब म्हणाले.

“कुणाकडून?”

“संबंधितांकडून.”

पलीकडे कळफलक वाजला. “सर, संबंधित म्हणजे तुम्हीच ना?”

“...होय.”

मग तिने सांगितलं ते असं. त्यांच्या फॉर्मला येणारी वस्तू फोटो आहे की आणखी काही, हे बघायची अक्कलच दिलेली नव्हती. जे येईल ते आत. कुणीतरी, म्हणजे बहुधा माणूस नाहीच, जगभर उघडी दारं ढकलत फिरणारा एक आपोआप चालणारा प्रोग्राम, आला आणि त्याने फोटोच्या जागी आपली प्रोग्रामची फाइल सोडली. फोल्डर असं ठेवलेलं की तिथे ती फाइल नुसती पडून राहात नाही, चालतेसुद्धा. एकदा चालली की तिने घरभर हात मारले. वर त्या तिसऱ्या चौकोनाला लिहायची मुभा दिल्यामुळे त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या बिऱ्हाडांनाही साहेबांच्या फोल्डरात लिहिता येत होतं. साहेबांच्या फोल्डरातून केसांच्या औषधाच्या ई-मेलचा पूर वाहायला लागला, तेव्हा कंपनीने दार बंद केलं.

“आणि सर, ते फोल्डर तर अगदी दर्शनी जागेत आहे. पत्ता टाकला की कुणालाही आतली यादी दिसते.”

“कुणालाही म्हणजे मालकाला.”

“कुणालाही म्हणजे कुणालाही. यादीतल्या नावावर बोट ठेवलं की फोटो उघडतो.”

इतका वेळ कुलूपसाहेबांना आपल्या अब्रूची काळजी होती. टक्कल, निलंबन, संघटना, किल्ल्या. आता त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या. समोरून आणि बाजूने. केस विंचरून, जरा अवघडून, बायको सांगेल तशा हात सोडून उभ्या. वकीलबाई. औषधाच्या दुकानातली मावशी. नाचाच्या क्लासमधल्या मुली. सगळ्या भर रस्त्यात, आणि रस्त्याचं दार त्यांनी स्वतः सताड उघडलेलं.

घरी आले तेव्हा मशीन चालू होतं. ते बूट न काढताच कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. बायको म्हणाली, “अहो, त्यावर नको, इस्त्री केलंय.” ते उठले नाहीत. तिने मशीन थांबवलं.

सगळं ऐकून झाल्यावर ती ओरडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. ती ओरडली नाही. तिने सुई वर केली, धागा तोडला आणि म्हणाली, “त्या बायका पडद्यामागेसुद्धा माझ्याकडे पाठ करून उभ्या राहतात. तरी माझ्या सांगण्यावरून फोटो पाठवले त्यांनी. तुमच्या वेबसाइटला नाही पाठवले. मला पाठवले.”

कुलूपसाहेबांना हे शब्द त्या लाल अक्षरांपेक्षा जास्त लागले.

कंपनीने तोवर त्या फोल्डराकडे कोण कोण येऊन गेलं याची नोंद पाठवली होती. मेहुणा ती वाचायला बसला, कारण बंद करून चालू करण्याचा सल्ला वाया गेल्याने त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. विमाकाका सपाता घालून आलेच. थोड्या वेळाने मेहुणा खुर्चीतून उठला.

“सापडला! हा बघा, तुमच्या घरचा कॉम्प्युटर सोडला तर एकच पत्ता. रोज येतोय. सकाळी येतोय, दुपारी येतोय, संध्याकाळी येतोय. यादी उघडतोय, बघतोय, जातोय.”

“रोज?” बायकोने विचारलं.

“विकृत माणूस,” विमाकाका म्हणाले. “याचा विमाच उतरवला नसता मी.”

“अशा माणसाला,” कुलूपसाहेब ताडकन उठून म्हणाले, “अशा माणसाला सोडता कामा नये. नोकरीत असेल तर नोकरीवरून काढलं पाहिजे. लावा फोन कंपनीला, आत्ताच्या आत्ता विचारा कुठला पत्ता आहे!”

मेहुण्याने स्पीकरवर फोन लावला. तीच बाई आली. तिने पत्ता वाचला, थोडा वेळ घेतला आणि एका मोठ्या कार्यालयाचं नाव सांगितलं. मेहुण्याने कागद उगीच सरळ केला. विमाकाका छताकडे बघायला लागले.

“मी,” कुलूपसाहेब म्हणाले, “सगळं जागेवर आहे ना, एवढंच बघत होतो.”

“फोटो उघडलेत?” बायकोने विचारलं.

“नाही गं! देवाशप्पथ. नुसती नावं आणि तारखा.”

“बरोबर आहे मॅडम,” फोनमधली बाई म्हणाली. “या पत्त्यावरून एकही फोटो उघडलेला नाही. यादीच बघितलीय. खूप वेळा.” ते ‘खूप’ तिने जरा लांबवलं. “पण तुमचं घर सोडून दुसऱ्या एका पत्त्यावरून दोन फोटो उघडलेत. ते कोण, हे आम्हाला सांगता येणार नाही. कळतच नाही.”

ते दोन फोटो मुख्याध्यापिकाबाईंचे होते.

“कुणाला काही बोलू नका,” मेहुणा लगेच म्हणाला. “फोल्डर आता बंद आहे. विषय संपला.”

“बारीक अक्षरात कळवावं,” विमाकाकांनी सुचवलं.

बायकोने दोघांकडे असं पाहिलं की मेहुण्याला झेरॉक्सचं मशीन दाखवायला कुठेतरी जायचं आठवलं. मग ती नवऱ्याला म्हणाली, “सगळ्यांना सांगायचं. आणि मी नाही, तुम्ही सांगायचं.”

कुलूपसाहेबांनी बोलायचा मसुदा तयार केला. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द फार वेळा येत होता. बायकोने तो सगळीकडून उसवला. मग एकेका बाईला फोन. वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नोटीस कशी लिहितात ते समजावून सांगितलं, पाठवणार नाही असंही म्हणाल्या, पण ते कुलूपसाहेबांना नीट ऐकू आलं नाही आणि पुढचे दोन दिवस बेल वाजली की पोस्टमनच आला असं त्यांना वाटे. औषधाच्या दुकानातल्या मावशीने विचारलं, “माझा कुणी उघडला का?” नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “एकानेही?” आणि जराशी नाराज होऊन फोन ठेवला. नाचाच्या क्लासच्या बाईंनी मात्र झापलं, अगदी पोट भरून, आणि ते त्यांनी उभ्याने ऐकलं. फोनवर कुणाला दिसत नसतानाही.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “फोनवर नको. मी येते.”

त्या आल्या. खुर्चीवर ताठ बसल्या. धावदोरा घातलेला त्यांचा कोट कोपऱ्यात पुतळ्यावर अर्धवट लटकत होता. कुलूपसाहेब त्यांच्यासमोर उभे राहिले आणि मसुदा साफ विसरले.

“बाई, तुमचे फोटो कुणीतरी पाहिले. चूक माझी आहे. मी दार उघडं ठेवलं.”

“कुणी पाहिले?”

“माहीत नाही. कधी कळणारही नाही.”

बाई बोटातली अंगठी फिरवत राहिल्या. “मला फोटो काढून घ्यायला आवडत नाही,” त्या म्हणाल्या. “शाळेच्या फोटोत मी नेहमी मुलांच्या मागे उभी राहायचे. या वेळी वाटलं, असू दे.” मग त्यांनी कोटाकडे बघितलं. “तुम्ही लपवलं असतंत तर मला कळलंही नसतं.”

“नसतं.”

“मग का सांगितलंत?”

कुलूपसाहेबांनी बायकोकडे बोट दाखवलं. आयुष्यात जबाबदारी दुसऱ्यावर ढकलल्याचा त्यांना प्रथमच अभिमान वाटला.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “ते सगळं दुरुस्त करा. पण मी पुन्हा फोटो पाठवायच्या आधी तुम्ही स्वतःचा पाठवायचा. समोरून आणि बाजूने. फळ्यावर आधी शिक्षकाने सोडवून दाखवायचं असतं. मी माझ्या फोनवर तो उघडून बघेन. उघडला, तर कोट तुम्हीच घाला.”

पुढच्या संध्याकाळी कुलूपसाहेबांनी कुठलाही व्हिडिओ बघितला नाही. कंपनीतल्या त्या बाईला विचारत, ती सांगेल ते लिहून घेत, मग करत, मग पुन्हा विचारत राहिले. जुनं सगळं पुसलं, किल्ल्या बदलल्या, म्हणजे पासवर्ड. तिने त्यांचं बिऱ्हाड अशा नव्या सर्व्हरवर हलवलं, जिथे फोटो ठेवणारा गडी मालकाच्याच नावाने काम करतो; तिथे सात-पाच-पाच पुरतं, बाकीच्यांना लिहायचा हक्क द्यावा लागत नाही. फोल्डर दर्शनी भागातून काढून मागच्या खोलीत नेलं, जिथे बाहेरचा पत्ता पोचतच नाही. फॉर्मला डोळे दिले. फोटो असेल तरच घे, तोही ठरावीक आकारापर्यंत, आणि आत ठेवताना त्याचं नाव बदल, म्हणजे कुणाला अंदाजाने शोधता येणार नाही. आणि आत आलेली कुठलीही वस्तू चालवायची नाही. हे लिहून घेताना कुलूपसाहेबांना राहून राहून वाटत होतं की हे सगळं आपण फायलींच्या बाबतीत इतकी वर्षं करत आलोय. मग इथेच काय झालं होतं? लाल अक्षरं, मुख्याध्यापिकाबाईंचा फोन, बायकोची नजर. घाईत माणूस सात दाबतो.

परीक्षेच्या दिवशी खोली भरली. मुख्याध्यापिकाबाई, विमाकाका, आणि माफी मिळालेला मेहुणा. कुलूपसाहेबांना भिंतीपाशी उभं केलं. मेहुणा फोन धरून म्हणाला, “भावोजी, बाजूने काढतोय, पोट आत घ्या.”

“आत घ्यायचं नाही,” बायको म्हणाली. “माप चुकतं.”

तेव्हा पोट जसं होतं तसं राहिलं. आधी मेहुण्याने मुद्दाम एक प्रोग्रामची फाइल फोटोचं नाव लावून चढवून पाहिली. फॉर्मने ती घेतली नाही. पुन्हा वेगळ्या नावाने. नाही. मग साहेब चढले, समोरून, बाजूने, आणि बटण दाबल्यावर हिरवी अक्षरं आली.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावून स्वतःच्या फोनवर फोल्डरचा जुना पत्ता टाकला. सगळे त्यांच्या खांद्यावरून डोकावत उभे.

“असं काही इथे नाही, म्हणतंय,” त्या म्हणाल्या. त्यांनी फोटोचं नाव घालून पाहिलं. नाही. विमाकाकांनी आपल्या फोनवर पाहिलं. नाही. मेहुण्याने काय काय उलटंसुलटं टाकलं, घाम पुसला आणि मान हलवली. प्रत्येक नकाराबरोबर कुलूपसाहेबांच्या छातीवरचा दगड थोडा थोडा सरकत होता. शेवटी बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, “चला, कोट घालून बघते मी.” तेव्हा कुठे कुलूपसाहेब भिंतीपासून हलले.

बायकोने दरम्यान आपल्या पासवर्डने मागची खोली उघडली होती. पडद्यावर कुलूपसाहेब बाजूने उभे होते. ती बघतच राहिली, जशी ती कुठल्याही गिऱ्हाइकाच्या फोटोकडे बघते, खांद्यापासून खाली.

“अहो, हा शर्ट बगलेत ओढतोय.”

“हो, जरासा.”

“जरासा? पाठीवर बघा किती चुण्या पडल्यात. हात तरी वर होतो का?”

“होतो. पूर्ण नाही होत.”

“कधीपासून?”

“झाली असतील दोनेक वर्षं.”

“मग बोलायचं नाही का?”

“तुझ्याकडे लेडीज शिवतात ना,” कुलूपसाहेब म्हणाले.

तिने पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि गळ्यातली टेप काढली. “बाई, तुमचा कोट पाच मिनिटं थांबेल ना?”

“थांबेल की,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि खुर्ची जरा पुढे ओढून बसल्या.

“हात वर करा,” बायको म्हणाली, आणि कुलूपसाहेबांनी सगळ्यांच्या देखत, जेवढे जात होते तेवढे, दोन्ही हात वर केले.